शिरोरेषा सरळ जळायला हवी: लाकडावर नक्षी उतरवण्यापासून जाळण्यापर्यंत

सातारा-सांगलीकडे घराला ‘कृष्णाई’ नाव देणारे पुष्कळ. तापलेल्या टोकाने लाकडावर लिहायला, म्हणजे पायरोग्राफी करायला, मी बसले तेव्हा पहिली पाटी याच नावाची होती आणि ती बिघडली. जाळताना नाही, त्याआधीच बिघडली. कागदावरचं नाव फळीवर उतरवताना कागद किंचित सरकला आणि शिरोरेषा उजवीकडे दोन मिलिमीटर खाली आली. पेन्सिलीची फिकट रेघ होती तोवर ते लक्षात आलं नाही. जळून तपकिरी झाल्यावर मात्र दारात उभं राहणाऱ्या प्रत्येकाला दिसलं. पेन्सिलीची रेघ खोडता येते, जळकी रेघ येत नाही. त्यामुळे या लेखाचा मोठा भाग हत्यार तापायच्या आधीच्या कामाबद्दल आहे. घाई करणारे नेमके तिथेच फसतात.

फळी निवडताना

साताऱ्यातल्या एका वखारीत मी आंब्याची फळी मागायला गेले होते, स्वस्त पडते म्हणून. तिथल्या सुतारकाकांनी आधी विचारलं, “काय करायचंय ताई?” सांगितल्यावर म्हणाले, “मग ही नगं. हिच्यावर डाग उठून दिसायचा न्हाय. शिवण बघा.” त्या एका वाक्याने माझे कितीतरी महिने वाचले.

जळका तपकिरी रंग उठून दिसायचा तर लाकूड फिकट हवं आणि त्याच्या धारी, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या रेघा, मऊ, एकसारख्या हव्यात. शिवण पिवळसर पांढरी असते, वजनाला हलकी, रंध्याला आणि पॉलिश पेपरला लगेच वळते. हळदू थोडा जास्त पिवळा, पण पोत बारीक, त्यामुळे बारीक अक्षरं सुरेख येतात. काळ्या कुड्याचं लाकूड मिळालं तर सोडू नका. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी याच लाकडाची असतात. ते पांढरं आणि इतकं घट्ट पोताचं असतं की टोक कुठेही अडखळत नाही. तुकडे मात्र लहान मिळतात, किल्लीच्या अडकवण्यापुरते किंवा छोट्या पाटीपुरते. आंब्यावर करड्या-तपकिरी छटा असतात, त्यात नक्षी हरवते. साग तेलकट आणि मुळातच तपकिरी. बाहेरच्या पाटीला सागच हवा असा आग्रह असेल, आणि पावसाचा विचार केला तर तो चुकीचाही नाही, तर अक्षरं जाड घ्या, बारीक नक्षीच्या भानगडीत पडू नका.

औद्योगिक वसाहतींतून मालाच्या खोक्यांचं पाइनचं लाकूड भरपूर निघतं. सरावाला ते चालतं, पण त्यावरचा शिक्का बघून घ्या. ‘एच टी’ म्हणजे नुसती उष्णता देऊन कीड मारलेलं. ‘एम बी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, ते घेऊ नका. शिक्काच नसेल किंवा फळीवर तेलाचे, रसायनांचे डाग असतील तर तेही नको. एमडीएफ, प्लाय, रंगवलेलं, वॉर्निश केलेलं, वाळवीचं औषध मारलेलं लाकूड जाळायचं नाही. त्यातल्या गोंदाचा आणि रसायनांचा धूर थेट छातीत जातो. झाडाची फांदी तोडून काम करायची हौस असेल तर कण्हेर आणि बिब्बा यांना हातही लावू नका.

लाकूड पूर्ण वाळलेलं हवं. ओल्या लाकडात आधी पाणी उकळतं, मग डाग पडतो, म्हणून रेघ फिकट आणि फुगीर येते. सावलीत हवेवर वाळवायचं तर एक इंच जाडीला साधारण एक वर्ष असा सुतारांचा हिशेब असतो. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये वाळलेली फळीही पुन्हा ओल धरते. त्या दिवसांत मी फळ्या भिंतीला लावून ठेवत नाही, कपाटात ठेवते.

घासताना १२० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करा, मग १८०, मग २२०. आता फळी ओल्या फडक्याने हलकीशी पुसा आणि पूर्ण वाळू द्या. दबलेले तंतू उभे राहतील आणि हाताला लव लागेल. ती लव ३२० ने घासून काढा. ओल्या फडक्याची ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग टोक प्रत्येक तंतूला अडकतं. घासायचं ते कायम धारींच्या दिशेने, आडवं घासलं तर ओरखडे राहतात आणि डाग पडल्यावर तेच आधी दिसतात. शेवटी कोरड्या ब्रशने धूळ झाडा.

हत्यार

सुरुवात २५ वॉटच्या साध्या सोल्डरिंग आयर्नने, म्हणजे तारा कथिलाने जोडायच्या विजेच्या हत्याराने, होते आणि ते दोन-तीनशे रुपयांत मिळतं. एकच अट आहे: ते नवं हवं, कथील लावलेलं नको. जोडणीच्या कथिलात बहुतेक वेळा शिसं असतं आणि ते तापवत बसणं चांगलं नाही. आयर्नचं तांब्याचं टोक थंड असताना कानशीने आकार देऊन घ्या. एक टोक पेन्सिलीसारखं गोल, ठिपक्यांसाठी. दुसरं छिन्नीसारखं चपट, रेघेसाठी. तिसरं चमच्याच्या पाठीसारखं, सावलीसाठी. आकार दिल्यावर बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करा. खडबडीत टोक लाकडावर ओरबाडत जातं.

आयर्नची अडचण अशी की त्याचं तापमान आपल्या हातात नसतं. ते कमी-जास्त करायला मी इलेक्ट्रिशियनकडून एका बोर्डात दिव्याचा डिमर बसवून घेतला आणि आयर्न त्यातून चालवलं. सरळ २३० व्होल्टवर चालणाऱ्या साध्या आयर्नलाच हे चालतं. स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असलेल्या यंत्राला डिमर लावायचा नाही. जोडणी स्वतः करू नका, आणि बोर्डाला अर्थिंग आहे ना हे विचारून घ्या.

हात बसला आणि काम आवडू लागलं की तारेच्या टोकाचं यंत्र घ्या. त्याची पेटी वेगळी असते, हातात फक्त हलकं पेन. टोक म्हणजे निक्रोमची, निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची वाकवलेली तार. तिच्यातून वीज गेली की ती काही सेकंदांत तापते, बटण फिरवलं की तितक्याच लवकर निवते. पैसे काही हजार लागतात, पण बोटं टोकाच्या जवळ येतात आणि लेखणी धरावी तसं धरता येतं. मोठ्या आयर्नला हात लांबून धरावा लागतो, त्यामुळे रेघ थरथरते. टोकांचे पन्नास प्रकार विकायला असतात. मला रोजच्या कामाला तीनच लागतात: सुरीसारखं, गोल लेखणीचं आणि चमच्याचं.

काम करताना टोकावर काजळी चढते, मग उष्णता लाकडापर्यंत नीट पोहोचत नाही आणि रेघेला काळे डाग पडतात. आयर्नचं टोक पितळी ब्रशने पुसा. तारेचं टोक निवल्यावर चामड्याच्या तुकड्यावर घासा. तापलेलं टोक पाण्यात बुडवू नका. आणि हत्यार ठेवायला धातूचा स्टँड घ्या. कपाच्या कडेवर टेकवलेलं आयर्न कधीतरी घरंगळतंच.

धुरासाठी छोटा पंखा टेबलावर ठेवा, पण उलटा, म्हणजे धूर खेचून खिडकीकडे नेईल असा. वारा टोकावर आला तर टोक निवतं आणि रेघ मध्येच फिकी पडते. एन-९५ मास्क लावा. तासाभराने उठून बाहेर या.

नक्षी फळीवर उतरवणं

इथे वेळ द्या. माझ्या एका पाटीला चार तास लागले तर त्यातले दोन इथे जातात.

आधी फळीवर गुण्या लावून दोन रेघा आखा: एक शिरोरेषेची, एक मधली उभी. पाटीचा कडा सरळ असेलच असं समजू नका, करवतीतून आलेली फळी बऱ्याचदा एका बाजूला किंचित पसरलेली असते. डोळा मात्र शिरोरेषेची तुलना पाटीच्या वरच्या कडेशीच करतो. म्हणून वरचा कडा आधी सरळ करून घ्या आणि माप तिथूनच घ्या. नाव मध्यावर आणताना अक्षरं मोजून अर्धी करू नका. ‘कृष्णाई’मध्ये ‘ई’च्या वर जाणारा फाटा आणि ‘कृ’च्या खाली जाणारा ऋकार आहे. नाव कागदावर कापून फळीवर ठेवा, चार पावलं मागे जा, डोळ्यांना बरं वाटेल तिथे सरकवा. खालच्या ऋकारासाठी जागा सुटलेली हवी, नाहीतर तो कडेला चिकटतो.

अक्षरांची उंची किमान चार सेंटिमीटर धरा. जळकी रेघ दोन्ही बाजूंना थोडी पसरते, त्यामुळे ‘क’चं पोट आणि ‘ष’च्या आतली तिरकी रेघ लहान आकारात एकत्र होऊन काळा ठिपका बनतो.

आता उतरवण्याच्या पद्धती. सगळ्यात भरवशाची म्हणजे शिसाची, पेन्सिलीतल्या शिसाची.

नक्षी पातळ ट्रेसिंग पेपरवर किंवा बटर पेपरवर काढा. कागद पालथा करून फक्त रेघांच्या मागे ४बी किंवा ६बी पेन्सिल आडवी धरून घासा, मग कापसाच्या बोळ्याने पसरवा, म्हणजे जास्तीची भुकटी निघून जाते. कागद सुलटा करून आखलेल्या रेघेला शिरोरेषा जुळवा आणि फक्त वरच्या कडेला चिकटपट्टी लावा, दाराला बिजागरी असते तशी. मग खालून कागद उचलून हवं तेव्हा बघता येतं आणि परत टेकवला की तो जागेवरच बसतो. आता लाल बॉलपेनने रेघा गिरवा. लाल अशासाठी की कुठलं गिरवून झालं ते दिसत राहतं. निळ्या-काळ्यात हमखास एखादी रेघ राहून जाते. जोर बेताचाच द्या. जास्त दाबलं तर मऊ लाकडात चर पडतो आणि सावली देताना तो पांढरा दिसत राहतो.

टायपिंगचा निळा कार्बन पेपर घरात असतो म्हणून वापरायचा मोह होतो. वापरू नका. त्याची शाई मेणचट असते, खोडरबराने जात नाही, उलट पसरते, आणि जळक्या रेघेच्या कडेला निळी सावली कायमची राहते. शिसाचा तयार ट्रान्सफर पेपर मिळाला तर तो उत्तम.

बारीक नक्षी किंवा फोटोवरून केलेलं चित्र असेल तर झेरॉक्सची पद्धत जलद. झेरॉक्स आणि लेझर प्रिंटची काळी पूड प्लॅस्टिकसारखी असते आणि उष्णतेने पुन्हा वितळते. म्हणून प्रिंट फळीवर पालथी ठेवून वरून इस्त्री फिरवली की नक्षी लाकडावर येते. शाईच्या प्रिंटरची प्रिंट या कामाला चालत नाही. दुकानात ‘आरशातली उलटी प्रिंट’ असं स्पष्ट सांगा. घरी आल्यावर ती प्रिंट आरशासमोर धरा. आरशात नाव सुलटं वाचता आलं तरच वापरा. एकदा हे न बघता मी एका बारशाच्या पाळण्याची पाटी उलटी उतरवली होती. पूड तंतूंत मुरली होती, फळी पुन्हा पहिल्यापासून घासावी लागली आणि बारसं दुसऱ्या दिवशी होतं. इस्त्रीची वाफ बंद ठेवा, उष्णता सुती कपड्याची. एका जागी वीस-पंचवीस सेकंद दाबा, मग पुढे सरका. घासू नका, कागद हलतो. एक कोपरा उचलून बघा, रेघा फिकट करड्या आल्या असतील तर पुरे. गडद काळ्या व्हायची वाट बघत बसलात तर पातळ फळी वाकते.

याच प्रिंटवर मागून थिनर पुसूनही नक्षी उतरते. मी ती पद्धत सोडून दिली. थिनर पेट घेतो, आणि फळी पूर्ण सुकण्याआधी तापलेलं टोक लावलं तर काय होईल हे सांगायला नको. करायचीच असेल तर गॅलरीत करा आणि फळी दुसऱ्या दिवशीच हातात घ्या.

एकच नक्षी वीस वेळा हवी असेल, लग्नाच्या भेटवस्तूंसाठी वगैरे, तर खाका करा. जाड बटर पेपरवर नक्षी काढून तिच्यावर सुईने दोन-दोन मिलिमीटरवर भोकं पाडा, कागद फळीवर ठेवा आणि पातळ कापडाच्या पुरचुंडीत कोळशाची वस्त्रगाळ पूड घालून वरून थोपटा. ठिपक्यांची नक्षी उमटते. भरतकाम करणाऱ्या बायका हे पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत, आणि ठिपके जोडायची सवय तर आपल्याला रांगोळीमुळे आहेच. ठिपके फुंकरीनेही उडतात, म्हणून लगेच पेन्सिलीने जोडून घ्या.

गोल पृष्ठभागाची गोष्ट वेगळी. मिरजेत सतार-तंबोरे करणाऱ्यांकडे वाळलेल्या भोपळ्यांच्या राशी असतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वाद्याच्या उपयोगाचा नसलेला, तडा गेलेला भोपळ्याचा तुकडा मागून आणा आणि त्यावर जाळून बघा. त्याला लाकडासारख्या धारी नसतात, टोक कुठल्याही दिशेला सारखं चालतं. नवशिक्याला याहून चांगला सराव नाही. पण सपाट कागद त्याच्यावर बसत नाही, चुण्या पडतात. नक्षीच्या भोवती कागद कापून घ्या, कडेकडून आत चिरा द्या आणि एकेक पाकळी चिकटवत जा. चिरा रेघांमधल्या मोकळ्या जागेतून जायला हव्यात. भोपळा आतून खरवडायचा असेल तर मास्क लावूनच. ती धूळ फार त्रास देते.

नक्षी उतरली की कागद काढायच्या आधी तो बिजागरीवर उचलून प्रत्येक रेघ बघा. काना, वेलांटी, अनुस्वार मोजा. पाटी ज्याची आहे त्याला दाखवा. नावातलं ऱ्हस्व-दीर्घ त्याने वाचून ‘बरोबर’ म्हणेपर्यंत मी आयर्नची पिन लावत नाही.

जाळताना

त्याच फळीचा उरलेला तुकडा घ्या. लाकूड साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे रंग बदलायला लागतं, पण आपल्याला अंश मोजायचे नाहीत, रंग बघायचा आहे. डिमरच्या प्रत्येक खुणेवर एक इंचाची रेघ ओढा आणि शेजारी खुणेचा आकडा लिहा. मग एकाच खुणेवर हात हळू आणि भरभर चालवून बघा. उष्णता आणि वेग, दोन्हींनी रंग ठरतो. नवशिके उष्णता वाढवून भरभर चालवतात. उलट करा: उष्णता कमी, हात सावकाश, हवं तर दोनदा.

टोक लाकडावर टेकवून मग हात हलवला तर सुरुवातीला काळा थेंब पडतो. रांगोळीची चिमूट आठवा. पूड सुटायच्या आधी हात चालू लागलेला असतो आणि रेघ संपायच्या आत उचललेला असतो. तसंच इथे. टोक स्वतःकडे ओढा, पुढे ढकलू नका; अक्षराची दिशा बदलली की हात नाही, फळी फिरवा.

आता शिरोरेषा. देवनागरी पाटीतलं हे सगळ्यात अवघड काम आहे, कारण आडव्या पाटीत शिरोरेषा लाकडाच्या धारींना समांतर जाते. धारींमध्ये एक पट्टी मऊ, एक कडक. टोक मऊ पट्टीत शिरतं आणि तिच्या वाटेने जायला लागतं, तुमची रेघ सोडून. आडव्या धारी ओलांडणाऱ्या उभ्या कान्याला हा त्रास होत नाही, तिथे फक्त मऊ जागी रेघ गडद आणि कडक जागी फिकट होते.

यावर मी असं करते. स्टीलची पट्टी लावून धारदार कटरने शिरोरेषेवर अगदी हलका चरा देते, एकाच जोरात नाही, दोन-तीनदा अलगद. खोली केसाएवढी. मग पट्टी बाजूला. तापलेलं टोक पट्टीला टेकवून चालवायचं नाही. पट्टी उष्णता ओढून घेते आणि रेघ तुटक येते. सुरीसारखं टोक कमी उष्णतेवर त्या चऱ्यात ठेवून, मनगट घट्ट ठेवून, कोपरापासून पूर्ण हात सरकवते. चरा टोकाला धरून ठेवतो. दुसऱ्या फेरीत थोडी उष्णता वाढवते. जाड शिरोरेषा हवी असेल तर वरची आणि खालची अशा दोन कडा याच पद्धतीने करून मधली जागा चमच्याच्या टोकाने भरते.

आणि शिरोरेषा शेवटी. शाळेच्या वहीत आपण आधी शब्द लिहायचो, मग वरून रेघ मारायचो, तोच क्रम. अक्षरांचे काने शिरोरेषेच्या केसभर खाली थांबवा. वरून रेघ गेली की सगळे सांधे तिच्याखाली झाकले जातात. आधी शिरोरेषा करून तिच्यातून काने खाली काढले तर प्रत्येक सांध्यावर दोनदा जळून काळी गाठ दिसते. ‘ष्णा’सारख्या जोडाक्षरातही हेच: अर्धा ‘ष’ जिथे ‘ण’ला भेटतो तिथे एकाच रेघेने जाळा, दुसरी तिच्याआधी उचला.

नावाच्या बाजूला कोपऱ्यात कासच्या पठारावरची सोनकी काढायला मला आवडते. रेघा साध्या, पाकळ्या मोजक्या. पाकळीला आधी बाहेरची रेघ देऊ नका. चमच्याच्या टोकाने देठाकडून गोल-गोल फिरवत बाहेरच्या बाजूला फिकट होत जा, कडेची रेघ शेवटी आणि तीही अर्धवट.

चूक, साफसफाई, पॉलिश

किंचित बाहेर गेलेली रेघ नव्या ब्लेडच्या पात्याने, पातं उभं धरून, अलगद खरवडता येते. मग तिथेच नाही तर आजूबाजूलाही ३२० ने हलकं घासा, म्हणजे खड्डा दिसत नाही. खोल गेलेला डाग निघत नाही. अशा वेळी रेघ जाड करा किंवा तिथे एखादं पान आणा.

काम संपलं की शिसाच्या उरलेल्या रेघा मऊ पांढऱ्या खोडरबराने पुसा. शिसं जळून जात नाही, आणि एकदा वर पॉलिश बसलं की ते कायमचं. इस्त्रीने उतरवलेल्या रेघा खोडरबराने जात नाहीत, त्या ३२० ने नाजूकपणे काढाव्या लागतात. म्हणून त्या मुळातच फिकट हव्यात.

घरातल्या पाटीला स्पिरिटमधलं चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश छान, त्याने शिवणीला मधासारखी छटा येते. बाहेरच्या पाटीला ते टिकत नाही. तिथे बाहेरच्या वापराचं पॉलियुरेथेन तीन पातळ हातांत द्या, मागची बाजू आणि कडासुद्धा, नाहीतर पावसाळ्यात पाणी मागून शिरून फळी वाकते. पोळपाट-लाटण्यावर नक्षी करायची तर फक्त लाटण्याच्या मुठींवर आणि पोळपाटाच्या खालच्या बाजूला करा, आणि वॉर्निश मुळीच लावू नका.

जवसाचं तेल वापरलंत, विशेषतः रंगाच्या दुकानात ‘डबल बॉइल्ड’ म्हणून मिळतं ते, तर तेलाचं फडकं चुरगळून डब्यात टाकू नका. वाळताना ते स्वतःच तापतं आणि गोळा करून ठेवलेलं फडकं पेटू शकतं. दोरीवर पसरून पूर्ण वाळवा, कडक झालं की मगच टाका.

पाटी लावताना दुपारचं ऊन कुठून येतं ते बघा. ऊन जळका रंगही हळूहळू उडवतं, आणि सगळ्यात आधी फिकट सावल्या जातात. पश्चिमेच्या भिंतीवर लावायचीच असेल तर वर छोटी पडवी किंवा पत्र्याची पट्टी द्या, आणि दरवर्षी पावसाळ्याआधी ३२० ने हलकं घासून पॉलियुरेथेनचा एक हात फिरवा.